स्विंडनचं डिझायनर आउटलेट: सवलतीचे टक्के नको, माल वाचा

प्रश्न असा आहे: मेच्या शेवटी आईवडिलांना घेऊन बहिणीकडे इंग्लंडला, स्विंडनला जायचंय. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. बहिणीच्या गावातच, एम४ मोटरवेपासून जवळ, मोठं डिझायनर आउटलेट, म्हणजे ब्रँडचा माल सवलतीत विकणाऱ्या दुकानांचं केंद्र, आहे आणि तिथे '७० टक्क्यांपर्यंत सूट' असते म्हणे. तिथे पूर्ण दिवस द्यावा का, काय घ्यावं, व्हॅट (तिथला वस्तूंवरचा कर) परत मिळतो का, आणि परतताना कस्टमची भानगड होते का?

आधी सरळ उत्तरं. अर्धा दिवस द्या, पूर्ण नको. पावसाळी जॅकेट, चामड्याचे बूट, लहान मुलांचे कपडे आणि ओतीव लोखंडाची भांडी यांत खरा फायदा होऊ शकतो. टी-शर्ट, जीन्स आणि नावाचं छापील चिन्ह मिरवणाऱ्या पर्सेस यांत बहुतेकदा होत नाही. व्हॅट परत मिळणार नाही. कस्टमचं शेवटी सांगतो.

आता सविस्तर. तिथल्या टॅगवर दोन आकडे असतात. वर 'आरआरपी' (रेकमेंडेड रिटेल प्राइस) आणि खाली आउटलेटची किंमत. आपल्याकडून गेलेला माणूस आरआरपी म्हणजे आपली एमआरपीच समजतो आणि १२० चा शर्ट ६० पौंडांना मिळाला म्हणून खूश होतो. भारतातली एमआरपी हा २०११ च्या लीगल मेट्रॉलॉजी नियमांखाली छापावा लागणारा, सगळे कर धरून असलेला कमाल दर आहे. त्याच्यावर एक पैसाही घेता येत नाही. ब्रिटनमध्ये असा कमाल दर नाहीच. आरआरपी ही उत्पादकाने केलेली शिफारस. ती ग्राहकाची दिशाभूल करणारी नसावी, त्या दराला बाजारात काही आधार असावा, अशी तिथल्या ग्राहककायद्याची अपेक्षा आहे. पूर्वी त्यासाठी २००८ चे नियम होते, एप्रिल २०२५ पासून त्यांची जागा २०२४ च्या डिजिटल मार्केट्स, कॉम्पिटिशन अँड कन्झ्युमर्स कायद्याने घेतली. पण जो शर्ट फक्त आउटलेटसाठीच शिवला गेला, तो १२० पौंडांना कोणी, कुठे विकला होता? पाणी मुरतं ते इथेच.

आउटलेटमधला माल एका जातीचा नसतो, निदान चार वाटांनी आलेला असतो. पहिली वाट म्हणजे पूर्ण किमतीच्या दुकानांत गेल्या हंगामात उरलेला माल. दुसरी, जास्त बनलेला किंवा रद्द झालेल्या ऑर्डरींचा माल. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर आपण ज्याला एक्स्पोर्ट सरप्लस म्हणतो त्याचाच सभ्य भाऊ. तिसरी, ऑनलाइन ग्राहकांनी परत केलेला आणि किरकोळ दोषाचा सेकंड माल. चौथी वाट म्हणजे आउटलेटसाठीच वेगळा बनवून घेतलेला माल. धंद्यात याला 'मेड फॉर आउटलेट' म्हणतात. यात चोरून काही नाही. गॅप फॅक्टरीसारख्या साखळ्या आपला माल फॅक्टरी दुकानांसाठीच तयार होतो हे उघड सांगतात. अमेरिकेत २०१४ मध्ये चार लोकप्रतिनिधींनी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला पत्र लिहून या मालाच्या 'मूळ' किमतींची चौकशी करायला सांगितलं होतं, म्हणजे तक्रार जुनी आहे.

ब्रँड असं का करतात, तर उरलेला माल पुरत नाही. आउटलेटचं दुकान बारा महिने भरलेलं दिसावं लागतं, सगळी मापं हवीत, आणि उरलेल्या मालाला त्यातलं काहीच कळत नाही. जो ब्रँड आपली खरेदी नीट करतो त्याच्याकडे उरतंच कमी. शिवाय अशा केंद्रांची भाडी बहुधा दुकानाच्या विक्रीच्या टक्क्यावर ठरतात, किमान भाडं वेगळं. विक्री पडली तर केंद्राच्या मालकालाही झळ बसते, त्यामुळे रॅक रिकामे राहून चालत नाही आणि दर दोन-तीन आठवड्यांनी 'या शनिवार-रविवारी आणखी २० टक्के' अशी पाटी लागते. ती पाटी बघून घाई करू नका. ती पुन्हा लागणार असते.

मग हातातला माल कोणत्या वाटेने आला हे कसं ओळखायचं? सगळ्यात सोपी खूण म्हणजे मापांचा संच. रॅककडे दोन पावलं मागे सरकून बघा. एकाच डिझाइनचे तीन रंग, प्रत्येक रंगात एस ते डबल एक्सएल, प्रत्येक मापाचे पाच-सहा नग, असं दिसलं तर तो माल आउटलेटसाठीच बनलेला असण्याची शक्यता दाट. उरलेला माल कधीच असा शहाण्यासारखा उरत नाही. त्यात एक्सएस आणि डबल एक्सएल असतात, मधली मापं गायब असतात, आणि रंग बहुधा मोहरीसारखा किंवा शेवाळी, जो दुकानात कोणी उचलला नाही. मोडलेला संच ही तुमच्यासाठी चांगली बातमी.

दुसरी खूण टॅगवरचा स्टाइल क्रमांक. तो फोनवर शोधा. तोच क्रमांक दुसऱ्या विक्रेत्यांच्या संकेतस्थळांवर, जुन्या हंगामाच्या नावाने, पूर्ण किमतीत सापडला तर आरआरपीला आधार आहे. फक्त आउटलेटच्याच जागी सापडला किंवा कुठेच नाही, तर आरआरपी विसरा आणि स्वतःला विचारा, ही वस्तू अशीच, कोणत्याही नावाशिवाय, या किमतीला घेतली असती का? काही टॅगवर हंगामही लिहिलेला असतो: एसएस म्हणजे उन्हाळी, एडब्ल्यू म्हणजे हिवाळी, पुढे साल.

तिसरी खूण आतलं लेबल. पूर्ण किमतीच्या दुकानातून आलेल्या कपड्याच्या लेबलवर अनेक ब्रँड पेनाने रेघ मारतात किंवा छोटं भोक पाडतात, कारण तो कोणी ३० पौंडांना घेऊन मोठ्या दुकानात ९० पौंडांचा म्हणून परत करू नये. ती रेघ बघून 'डॅमेज आहे' म्हणत कपडा खाली ठेवणारे पुष्कळ भेटतात. उलट आहे, ती रेघ खऱ्या मालाची साक्ष.

यानंतर मालाची पारख. समजा हातात पुरुषांचा पोलो टी-शर्ट आहे. तो उलटा करा. गळ्याच्या मागच्या शिवणीवर कापडी पट्टी लावलेली आहे की नुसतं ओव्हरलॉक केलंय? पट्टी असली तर गळा धुण्यात ताणला जात नाही. बटण ओठाला लावा: शिंपल्याचं गार लागतं, प्लास्टिकचं लागत नाही. कापड उजेडाकडे धरा, आतली बोटं स्पष्ट दिसली तर धाग्यात काटकसर केली आहे. बाजूची शिवण वरपासून खालपर्यंत सरळ उतरते का बघा. आत्ताच किंचित पुढे वळलेली असेल तर दोन धुण्यांत ती पोटावर येईल. खाली बाजूला फाट असेल तर फाटीच्या टोकाशी मजबुतीचे आडवे टाके हवेत. फॉर्मल शर्टात इंचाला १८ ते २० टाके म्हणजे उत्तम काम, १२ च्या आसपास म्हणजे साधं. चौकड्याच्या शर्टात खिशाची चौकट छातीच्या चौकटीशी जुळलेली नसेल तर कापड वाचवलंय, बाकीच्या ठिकाणीही वाचवलंच असणार. पँट घेताना कमरेच्या मागच्या शिवणीत दाब, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, किती सोडलाय ते बघा. तीन सेंटिमीटर दाब असेल तर गावचा शिंपी पुढे दोन वर्षांनी ती उसवून सैल करून देऊ शकतो.

चामड्याच्या वस्तूंत फसगत जास्त होते. बुटांसाठी तिथे एक सोय आहे. युरोपातल्या १९९४ च्या आदेशानुसार आणि ब्रिटनच्या १९९५ च्या नियमांनुसार बुटावर वरचा भाग, अस्तर आणि तळ कशाचा आहे हे छोट्या चित्रांनी दाखवावं लागतं. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडं. त्या कातड्याच्या आत चौकोनी हिरा म्हणजे थर दिलेलं चामडं. नुसता हिरा म्हणजे इतर पदार्थ, बहुधा कृत्रिम. जाळीची आकृती म्हणजे कापड. खोक्यावर किंवा बुटाच्या आत हे चिकटवलेलं असतं, शोधलं की सापडतं. पर्सेसना हा नियम नाही. तिथे अंगठ्याने दाबून बघा: नैसर्गिक चामड्यावर बारीक सुरकुत्या पसरतात, जाड थराखालचं चामडं दबतं पण सुरकुतत नाही. पट्ट्याच्या कडा रंगवून घोटलेल्या आहेत की नुसत्या दुमडून शिवल्यात, आत खिसे किती, साखळी ओढताना अडकते का, एवढं बघितलं की किंमत आपोआप कळते. नावाचं चिन्ह अख्ख्या पर्सभर छापलेलं असेल तर खाली बहुधा कॅनव्हासवर प्लास्टिकचा थर असतो. आवडत असेल तर घ्या, पण चामड्याचा भाव देऊ नका.

खेळाच्या बुटांची एक वेगळीच गोम आहे, आणि ती आपल्याकडच्या लोकांना जास्त नडते. मधला तळ पॉलियुरेथेन या फेसाळ प्लास्टिकचा असेल तर तो न वापरताही म्हातारा होतो. हवेतली ओल त्याचे रासायनिक बंध तोडते, आणि पाच-सात वर्षांनी तळ चुऱ्यासारखा सुटतो. आउटलेटमध्ये कधीकधी तीन वर्षं गोदामात राहिलेला बूट असतो. तो कोकणातल्या दमट घरात आणखी दोन वर्षं कपाटात ठेवला की पहिल्याच ट्रेकला गडावर तळ हातात येतो. जिभेच्या आतल्या लेबलवर बनवल्याची तारीख असते, महिना आणि साल. दीड वर्षापेक्षा जुना ट्रेकिंगचा बूट मी तरी घ्या म्हणणार नाही, सूट कितीही असो. ईव्हीए या दुसऱ्या फेसाळ प्लास्टिकचा तळ या बाबतीत बराच टिकाऊ. जॅकेटच्या आतल्या पॉलियुरेथेनच्या थरालाही हाच रोग आहे, आतून पापुद्रे सुटत नाहीत ना ते बाही उलटी करून बघा.

पावसाळी जॅकेटमध्ये 'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे भुरभुर थांबेल इतकंच. आपल्या सह्याद्रीच्या पावसात टिकायचं तर हायड्रोस्टॅटिक हेड (कापड किती उंच पाण्याचा दाब झेलतं त्याचं माप) निदान १०,००० मिलिमीटर आणि आतल्या सगळ्या शिवणींवर टेप लावलेली असावी. टेप काही शिवणींवर आणि काही सोडून असेल तर पाणी बरोबर सोडलेल्या जागी येतं. पिसांचं जॅकेट मात्र हिमालयात जाणार असाल तरच घ्या. पुण्यात ते वर्षातून एकदा, तेही फोटोसाठी, बाहेर निघेल.

हंगामाचं गणित असं चालतं: उन्हाळी माल मोठ्या दुकानांतून ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला आउटलेटकडे सरकतो आणि हिवाळी फेब्रुवारी-मार्चला. काही ब्रँड गेल्या उन्हाळ्यातला माल बांधून ठेवतात आणि वसंतात पुन्हा काढतात. म्हणजे मेमध्ये तुम्हाला दोन्ही दिसेल, हिवाळी जास्त सवलतीत, कारण त्यांना तो संपवायचाय. कोट, लोकरीचे स्वेटर स्वस्त दिसतील आणि मोह होईल. लोकरीचं प्रमाण लेबलवर वाचा. 'वूल ब्लेंड' लिहिलेल्या कोटात ती ३० टक्केही असू शकते, बाकी पॉलिस्टर.

मुलांच्या कपड्यांचा मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो. ब्रिटनमध्ये साधारण १४ वर्षांपर्यंतच्या मुलांचे कपडे आणि बूट यांच्यावर व्हॅटचा दर शून्य आहे, मोठ्यांच्या मालावर २० टक्के. त्यामुळे मुलांच्या मालात तुम्ही परत न मिळणारा कर भरत नाही. त्यातली एक चलाखी: खेळाच्या बुटांची ज्युनिअर मापं बहुतेक ५ ते ५.५ पर्यंत येतात. आईचा पाय लहान असेल तर तोच बूट ज्युनिअरच्या रांगेत बराच कमी किमतीत मिळतो. गादी थोडी साधी असते एवढंच. बुटांची मापं आपल्याकडेही ब्रिटिशच चालतात, त्यामुळे गोंधळ नाही. बायकांच्या कपड्यांत मात्र ब्रिटनचं १० म्हणजे युरोपचं ३८ आणि अमेरिकेचं ६. अमेरिकन ब्रँडच्या लेबलवर तिन्ही असले तर जीबी किंवा यूके लिहिलेला आकडा धरा.

व्हॅट परत देण्याची पर्यटकांसाठीची योजना ग्रेट ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली. मधे २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू करायची घोषणा झाली आणि काही आठवड्यांतच मागे घेतली गेली, म्हणून जुन्या व्हिडिओंत अजून वेगवेगळं ऐकू येतं. लंडनच्या विमानतळावर फॉर्मवर शिक्का मारून घेण्याची रांग आता विसरा. तुमच्या प्रवासात युरोपही असेल तर महागडी एखादीच वस्तू तिथे घ्या. इटलीत २०२४ पासून एका दुकानात ७० युरोंच्या वर खरेदी झाली की कर परत मागता येतो, फ्रान्समध्ये १०० युरोंच्या वर, जर्मनीत ५० च्या वर. हातात येणारी रक्कम कराच्या दरापेक्षा कमीच असते, मधली कंपनी आपला हिस्सा कापते, आणि युरोपीय संघ सोडतानाच्या शेवटच्या ठिकाणी शिक्का घ्यावा लागतो.

आता हिशेब कसा करायचा. टॅगवर आरआरपी १२०, आउटलेट ६०, वर आणखी २० टक्के, म्हणजे ४८ पौंड. पौंड ११५ रुपये धरला तर ५,५२०. भारतीय बँकेच्या कार्डावर परकीय चलनाचा अधिभार बहुधा २ ते ३.५ टक्के आणि त्या अधिभारावर जीएसटी, म्हणजे ५,७०० च्या आसपास. आता हा आकडा भारतातल्या त्याच ब्रँडच्या एमआरपीशी ताडू नका, जुलै किंवा जानेवारीतल्या सेलच्या किमतीशी ताडा. साध्या सुती कपड्यांत बहुतेकदा भारतच जिंकतो. लेबलवर 'मेड इन इंडिया' किंवा बांगलादेश निघाला तर तो माल एक फेरी मारून तुमच्याकडेच परत यायला निघालाय. आणि पैसे देताना यंत्राने 'पौंड की रुपये' विचारलं तर नेहमी पौंड निवडा. रुपये निवडले की विनिमयाचा दर दुकानाकडची कंपनी लावते आणि तो तुमच्या बँकेच्या दरापेक्षा वाईट निघतो.

भांडी घेताना वजनाचं भान ठेवा. एनॅमल चढवलेलं ओतीव लोखंडाचं २४-२६ सेंटिमीटरचं पातेलं चार-पाच किलो भरतं. २३ किलोंच्या बॅगेत ते आणि आईचं लोणचं एकत्र बसणार नाही. सेकंड दर्जाच्या पातेल्यात काठावर एनॅमल उडालेलं नाही ना, झाकण डगमगत नाही ना, आणि तळ सपाट आहे ना हे बघा. तळावर पट्टी उभी धरून मधून उजेड दिसतो का ते पाहिलं तरी कळतं. रंगातला टिपका किंवा पुसट चिन्ह असेल तर खुशाल घ्या. तोच माल सर्वांत फायद्याचा.

जागेविषयी. अशी केंद्रं मोटरवेच्या तोंडाशी का असतात याला कारण आहे. ब्रँडला आपलं पूर्ण किमतीचं दुकान आणि आउटलेट शेजारी नको असतं. अंतर राखायचं, पण तासा-दीड तासाच्या गाडीच्या टप्प्यात लाखो लोक हवेत. ब्रिटनमध्ये सॉमरसेटमधल्या स्ट्रीट गावी, क्लार्क्सच्या जुन्या बूटकारखान्याच्या जागेवर, १९९३ मध्ये क्लार्क्स व्हिलेज सुरू झालं. मग १९९५ मध्ये चेस्टरजवळ एम५३ ला लागून चेशायर ओक्स आणि एम४० जवळ बिस्टर व्हिलेज, १९९७ मध्ये स्विंडन, १९९८ मध्ये एम४ वरच वेल्समधलं ब्रिजेंड. १९९६ मध्ये सरकारने गावातल्या बाजारपेठेला आधी संधी द्या, बाहेरच्या जागांना नंतर, असं नियोजनाचं धोरण घट्ट केलं आणि मोकळ्या माळावरची नवी केंद्रं अवघड झाली. काही ठिकाणी परवानगीतच अट असते की माल जुन्या हंगामाचा, जादा किंवा सेकंड हवा आणि सवलतीतच विकायचा.

स्विंडनचं केंद्र गावातच, ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या जुन्या कारखान्यात आहे, आणि तुमच्या वडिलांसाठी खरेदीपेक्षा हेच महत्त्वाचं ठरेल. कारखाना १८४३ मध्ये सुरू झाला, भरात असताना सुमारे १४,००० माणसं तिथे कामाला होती, ब्रिटिश रेल्वेसाठी बनलेलं शेवटचं वाफेचं इंजिन, 'ईव्हनिंग स्टार', १९६० मध्ये इथेच तयार झालं, आणि १९८६ मध्ये कारखाना बंद पडला. दुकानं त्याच विटांच्या भिंतींत आणि लोखंडी खांबांमध्ये बसवलीत. काही वर्षं आत एक अख्खं इंजिन उभं होतं. लागूनच 'स्टीम' हे रेल्वेसंग्रहालय आहे, तिकीट लागतं. ग्रेट वेस्टर्नचा अभियंता ब्रुनेल याचा सात फुटांहून पाव इंच जास्त रुंदीचा गेज ऐकून आपल्या साडेपाच फुटी ब्रॉडगेजवर आयुष्य काढलेला माणूस दोन तास तिथून हलणार नाही. तेवढ्यात तुम्ही आणि बहीण खरेदी उरका. आउटलेटची इमारत छपराखालची आहे, पावसाची चिंता नाही, आणि फरशी सपाट असल्याने गुडघे दुखणाऱ्यांनाही बरी. गोव्याहून, बहुतांशी पोर्तुगीज पासपोर्टवर, आलेल्यांची ब्रिटनमधली एक मोठी वस्ती स्विंडनला आहे, तेव्हा काउंटरच्या पलीकडून कोकणी ऐकू आली तर दचकू नका.

लंडनहून येणाऱ्यांसाठी: पॅडिंग्टनहून रेल्वेने साधारण तास, स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालत. तिकीट आधी काढा, सकाळच्या गर्दीच्या वेळेचं आयत्या वेळचं तिकीट शर्टाची सगळी सूट खाऊन टाकतं. गाडीने एम४ च्या १६ क्रमांकाच्या जंक्शनला उतरा आणि तपकिरी पाट्या धरा. लंडनकडून येताना १५ क्रमांक आधी लागतो, तिथे उतरलात तर गावातल्या मॅजिक राउंडअबाउटशी गाठ पडण्याची शक्यता आहे. पाच छोटी चक्रं एका मोठ्या चक्राभोवती, आणि मधल्या चक्राला उलट दिशेने वळसा. भारतीय परवान्यावर पहिल्याच दिवशी ते नको. पार्किंग फुकट समजून गाडी सोडून जाऊ नका, दरफलक वाचा.

मेच्या शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी, असते आणि तो आठवडा बहुतेक शाळांच्या अर्ध्या सत्राच्या सुट्टीचा. तुमच्या तारखा नेमक्या त्यात बसत असतील तर मंगळवार ते गुरुवारची सकाळ धरा, दुकानं उघडताना पोहोचा. रविवारी २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना १९९४ च्या कायद्याने सलग सहाच तास उघडता येतं, त्यामुळे मोठी दुकानं लवकर मिटतात. दुकानं बदलत असतात, म्हणून यादी आदल्या दिवशी केंद्राच्या संकेतस्थळावर बघा आणि त्यांच्या सभासदत्वात नोंदणी करून कूपन मिळतंय का तेही.

परत करण्याबद्दल: दुकानातून घेतलेली वस्तू आवडली नाही म्हणून परत घ्यायचं बंधन ब्रिटनच्या कायद्यात दुकानावर नाही. जे मिळतं ते दुकानाच्या धोरणाने, म्हणून पैसे देण्याआधी मुदत विचारा. पूर्ण किमतीच्या शाखेत आउटलेटचा माल बहुधा घेत नाहीत. वस्तू सदोष निघाली तर मात्र २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स कायद्याने ३० दिवसांत ती नाकारून पैसे परत घेता येतात. 'सेलमधला माल, परत नाही' ही पाटी त्याच्या आड येत नाही. फक्त जो दोष आधीच दाखवून विकला त्याबद्दल तक्रार चालत नाही. तुम्ही परतल्यावर बहिणीला काही बदलावं लागेल असं वाटत असेल तर बिल तिच्या कार्डावर करा, कारण पैसे मूळ कार्डावरच परत जातात.

कस्टम. वापरलेल्या वैयक्तिक वस्तू मोजत नाहीत, नव्या वस्तूंना दर प्रवाशामागे शुल्कमाफीची मर्यादा असते. २०१६ च्या बॅगेज नियमांत ती ५०,००० रुपये ठरली होती. मर्यादा आणि दर अधूनमधून बदलतात, निघायच्या आठवड्यात कस्टमच्या संकेतस्थळावर चालू आकडा बघा. घरचे तिघे आहोत म्हणून तिघांची मर्यादा एका पर्ससाठी एकत्र करता येत नाही. एका वस्तूची किंमत एकाच्याच नावावर धरतात. मर्यादा ओलांडत असाल तर विमानतळावरच्या रेड चॅनेलला (शुल्काचा माल जाहीर करणाऱ्यांच्या रांगेत) स्वतःहून सांगा. बिलं चेक-इनच्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत ठेवा. आउटलेटचं बिल दाखवलंत की किंमत ४८ पौंड आहे हे सिद्ध होतं. बिल नसेल तर अधिकाऱ्याच्या अंदाजावर भागवावं लागतं, आणि टॅगवरचा १२० चा आकडा त्याच्या डोळ्यासमोर असतो.